इसबग्रस्त बालकांची रात्र : खाज आणि झोप यांचे मोजमाप

खाज म्हणजे काय, हे वैद्यकाने फार पूर्वी शब्दांत बांधून ठेवले आहे. सॅम्युएल हाफेनरेफर या जर्मन वैद्याने १६६० मध्ये केलेली व्याख्या त्वचारोगांच्या पाठ्यपुस्तकांत आजही आढळते. जी नकोशी संवेदना खाजविण्याची इच्छा उत्पन्न करते ती खाज, असा तिचा आशय आहे. या व्याख्येत खाजेचे स्वतःचे असे एकही बाह्य लक्षण सांगितलेले नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. खाज ओळखावयाची ती खाजविण्यावरून. ताप तापमापकावर दिसतो, सूज डोळ्यांना दिसते; खाज मात्र ज्याची त्यालाच कळते. प्रौढ रुग्ण ती निदान शब्दांनी सांगू शकतो. दोन वर्षांच्या मुलाला ते जमत नाही. आणि झोपेत खाजविणाऱ्या मुलाला, ते चांगले जाणते असले तरी, सकाळी त्यातले काहीच आठवत नाही.

मुलांच्या इसबावरील उपचारांत ही अडचण सतत आड येते. चादरीवर रक्ताचे ठिपके दिसतात, नखांत त्वचेचा भुगा सापडतो, मूल शाळेत पेंगते. पण रात्री नेमके काय घडले आणि किती वेळ घडले, हे खात्रीने सांगणारे कोणी नसते. ही साक्ष मिळविण्यासाठी गेली पन्नास वर्षे संशोधन चालू आहे. मनगटावर बांधावयाचे किंवा हाताच्या पाठीवर चिकटवावयाचे लहानसे संवेदक हे त्याचे अलीकडचे फळ होय. हे संवेदक काय मोजतात, कसे मोजतात आणि त्यांच्या आकड्यांवर कितपत विसंबून राहता येते, याचा परिचय येथे करून देण्याचा विचार आहे.

त्वचेची भिंत

इसबाचे अनेक प्रकार आहेत. बालवयात प्रामुख्याने आढळतो त्याला वैद्यकात ‘ॲटॉपिक डर्मटायटिस’ असे नाव आहे. जगातील अनेक देशांत शंभर मुलांमागे दहा ते वीस मुलांना तो होतो. भारतात त्याचे प्रमाण पाश्चात्त्य देशांच्या मानाने कमी नोंदले गेले आहे. तान्ह्या मुलांत तो बहुधा गालांवर व कपाळावर प्रकट होतो. मूल मोठे होऊ लागले की कोपराच्या व गुडघ्याच्या लवणीत, मनगटांवर आणि मानेवर ठाण मांडून बसतो. हा रोग संसर्गजन्य नाही. इसब असलेल्या मुलाला वर्गात वेगळे बसविण्याचे प्रकार अजूनही घडतात, म्हणून हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

या रोगाचे मूळ त्वचेच्या बाह्य थरात आहे. हा थर विटांच्या भिंतीसारखा असतो. पेशी या विटा, आणि त्यांच्यामधील स्निग्ध द्रव्ये हा चुना. भिंत पक्की असेल तर आतील ओलावा बाहेर जात नाही आणि बाहेरील धूळ, साबण, जंतू आत शिरत नाहीत. स्कॉटलंडमधील डंडी येथील शास्त्रज्ञांनी २००६ मध्ये असे दाखवून दिले की, या भिंतीच्या बांधणीस आवश्यक असलेले फिलॅग्रिन नावाचे प्रथिन ज्यांच्या शरीरात आनुवंशिक दोषामुळे पुरेसे तयार होत नाही, त्यांना इसब होण्याचा संभव पुष्कळच वाढतो. अर्थात इसब झालेल्या प्रत्येक मुलात हा दोष असतोच असे नाही. भिंत कोणत्याही कारणाने सच्छिद्र झाली की त्वचा कोरडी पडते, शरीराची संरक्षणव्यवस्था चवताळून उठते आणि दाह सुरू होतो. या दाहात निर्माण होणारी काही रासायनिक द्रव्ये त्वचेतील मज्जातंतूंना थेट चेतवितात. मूल खाजवते. नखांनी भिंत आणखी ढासळते, दाह वाढतो, आणि त्यामुळे खाज पुन्हा वाढते. हे दुष्टचक्र रात्री अधिक वेगाने फिरते. रात्री त्वचेचे तापमान वाढते, तिच्यातून होणारे बाष्पीभवनही वाढते, आणि दाह आवरून धरणाऱ्या कॉर्टिसॉल या अंतःस्रावाची पातळी मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत खाली गेलेली असते. शिवाय दिवसा खेळात व अभ्यासात गुंतलेले मन रात्री मोकळे असते, हेही एक कारण आहेच.

येथे एक इशारा आवश्यक आहे. रात्री वाढणारी प्रत्येक खाज इसबाची नसते. आपल्याकडे खरूज हा रोग अद्याप सर्रास आढळतो आणि त्याची खाजही रात्रीच बळावते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोवती पुरळ असेल आणि घरातील इतर माणसेही खाजवत असतील, तर प्रथम खरजेचा विचार करावा लागतो. तिचा उपचार सर्वस्वी निराळा असून तो घरातील सर्वांनी एकाच वेळी करावा लागतो. निदान चुकलेले असेल तर मोजमाप कितीही सूक्ष्म केले तरी ते व्यर्थ ठरते.

तास तेवढेच, झोप निराळी

इसबामुळे झोपेची हानी होते हे पालकांना सांगावयास नको. ती हानी कोणत्या स्वरूपाची असते, हा मात्र संशोधनाचा विषय आहे. इंग्लंडमधील ब्रिस्टल व आसपासच्या भागात १९९१ व १९९२ च्या सुमारास जन्मलेल्या मुलांची एक मोठी पाहणी वर्षानुवर्षे चालू आहे. तिच्यातील १३,९८८ मुलांच्या माहितीचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. दोन ते सोळा वर्षे वयाच्या काळात इसब असलेली मुले आणि इसब नसलेली मुले यांच्या झोपेच्या एकूण तासांत फारसा फरक आढळला नाही. झोपेचा दर्जा मात्र इसबग्रस्त मुलांत स्पष्टपणे खालावलेला होता. वारंवार जाग येणे, लवकर झोप न लागणे, वाईट स्वप्ने पडणे अशा तक्रारींची शक्यता त्यांच्यात जवळजवळ पन्नास टक्क्यांनी अधिक होती, आणि रोग सौम्य असलेली मुलेही त्यातून सुटली नव्हती.

या निष्कर्षाचा व्यवहारातील अर्थ महत्त्वाचा आहे. डॉक्टरांनी ‘मूल किती तास झोपते?’ असे विचारले आणि आईने ‘नऊ तास’ असे उत्तर दिले, तर ते उत्तर खरे असूनही दिशाभूल करणारे ठरू शकते. नऊ तासांत झोप किती वेळा तुटली, हे त्यात येत नाही.

रोगाची तीव्रता ठरविण्याच्या प्रचलित पद्धतींत झोपेला स्थान नाही, असे नव्हे. युरोपातील तज्ज्ञांच्या गटाने १९९३ मध्ये तयार केलेल्या ‘स्कोरॅड’ या मापनपद्धतीत एकूण १०३ गुणांपैकी १० गुण खाजेला आणि १० गुण निद्रानाशाला दिलेले आहेत. गेल्या तीन दिवसांचा व रात्रींचा सरासरी अंदाज घेऊन रुग्णाने किंवा पालकाने शून्य ते दहा या पट्टीवर खूण करावयाची असते. नॉटिंगहॅम येथे तयार झालेली ‘पोएम’ ही सात प्रश्नांची प्रश्नावली तर पूर्णपणे रुग्णाच्या उत्तरांवर आधारलेली आहे, आणि गेल्या आठवड्यातील किती रात्री इसबामुळे झोपमोड झाली, असा थेट प्रश्न तिच्यात आहे. परंतु ही उत्तरे स्मरणावर अवलंबून असतात. शेजारच्या खोलीत झोपलेल्या पालकांना मुलाचे खाजविणे ऐकू येत नाही. मुलाला कुशीत घेऊन झोपणारी आई स्वतःच इतकी थकलेली असते की, तिला एक जागरण दुसऱ्यापासून वेगळे आठवत नाही. पट्टीवर सहा आणि सात यांत नेमका काय फरक, हेही कोणी सांगू शकत नाही.

डॉक्टरांच्या डोळ्यांनाही मर्यादा आहेत, आणि त्या आपल्या देशाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाच्या आहेत. बहुतेक मापनपद्धतींत त्वचेच्या लालीला गुण असतात. या पद्धती मुख्यतः गोऱ्या त्वचेचे रुग्ण समोर ठेवून घडल्या. सावळ्या किंवा काळ्या त्वचेवर दाहाची लाली लाल दिसत नाही. ती जांभळट, राखी किंवा नुसती अधिक गडद दिसते. त्यामुळे अशा मुलांचा रोग प्रत्यक्षापेक्षा सौम्य गणला जाण्याचा धोका असतो. हाताच्या हालचाली मोजणाऱ्या संवेदकाला त्वचेचा रंग ठाऊकच नसतो. त्याचा हा गुण परदेशी लेखांत जेवढा सांगितला जातो त्यापेक्षा अधिक मोलाचा आहे, असे वाटते.

प्रारंभीचे प्रयोग

झोपेतील खाजविण्याचा शास्त्रीय अभ्यास प्रथम एडिंबरो येथे झाला. जॉन सॅव्हिन, पॅटरसन आणि इयन ऑस्वाल्ड यांनी १९७३ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय साप्ताहिकात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. ऑस्वाल्ड हे झोपेचे नामांकित अभ्यासक होते. रुग्णांच्या मेंदूतील विद्युत्‌लहरींचे आलेख रात्रभर काढून खाजविण्याच्या वेळा त्यांच्याशी ताडून पाहण्यात आल्या. झोप हलकी असताना खाजविणे सर्वाधिक, आणि गाढ झोपेत ते सर्वांत कमी, असे दिसून आले. मनुष्य खरोखर झोपलेला असताना खाजवतो, हे यातून सिद्ध झाले. ‘खाजवू नकोस’ असे मुलाला बजावून सांगणे रात्रीपुरते तरी का निरर्थक आहे, हेही त्यावरून कळते.

दोन वर्षांनी, १९७५ मध्ये, न्यूकॅसल येथे फेलिक्स आणि शूस्टर यांनी हातापायांच्या हालचाली मोजणाऱ्या मापकांच्या साह्याने खाज मोजण्याची आणि औषधाचा परिणाम आजमावण्याची पद्धत मांडली. आजच्या उपकरणांची वंशावळ तेथून सुरू होते. पुढे जपानमध्ये एबाता व त्यांच्या सहकाऱ्यांनी अंधारातही चित्र टिपणाऱ्या अवरक्त कॅमेऱ्याने रुग्णांच्या रात्री चित्रित केल्या. ही पद्धत अचूक खरी. पण एका रात्रीचे चित्रण पाहून प्रत्येक खाजविण्याची नोंद करावयास कोणाला तरी तेवढेच तास बसावे लागते. रुग्णाच्या शयनगृहात कॅमेरा लावणेही सर्वांना रुचणारे नाही. म्हणून कॅमेऱ्याचा उपयोग आज मुख्यतः कसोटीचा दगड म्हणून होतो. नवा संवेदक खरे सांगतो की नाही, हे त्या चित्रणाशी ताडून ठरवितात.

मुलांच्या बाबतीत एडिंबरो येथील रीस यांच्या गटाने २००४ मध्ये रुग्णालयात वापरता येईल अशी मनगटी मापकाची पद्धत प्रसिद्ध केली. हाँगकाँगमधील बालरोगतज्ज्ञांनी २००६ मध्ये असे दाखविले की, इसबग्रस्त मुलांच्या मनगटांच्या रात्रीच्या हालचाली आणि डॉक्टरांनी तपासून ठरविलेली रोगाची तीव्रता यांचा परस्परसंबंध आहे.

संवेदक काम कसे करतो?

या सर्व उपकरणांचा गाभा म्हणजे त्वरणमापक. धावत्या एस.टी.ला चालकाने एकाएकी ब्रेक लावला की उभे असलेले प्रवासी पुढे झुकतात. किती झुकले यावरून ब्रेक किती जोराचा होता हे डोळे मिटूनही सांगता येईल. त्वरणमापकात हेच घडते, मात्र अतिसूक्ष्म प्रमाणावर. सिलिकॉनच्या चकतीवर कोरून काढलेला एक इवलासा भार तितक्याच इवल्याशा स्प्रिंगांवर तोललेला असतो. हात हलला की भार मागेपुढे सरकतो, त्याच्या व शेजारच्या पट्ट्यांमधील अंतर बदलते आणि त्या बदलाचे विद्युत्‌संकेतात रूपांतर होते. लांबी, रुंदी व उंची अशा तिन्ही दिशांची नोंद स्वतंत्रपणे होते. हात स्थिर असतानाही गुरुत्वाकर्षणाचा ओढा नोंदला जात असल्यामुळे मनगट कोणत्या बाजूला वळलेले आहे हेही कळते. साध्या भ्रमणध्वनीतही हाच भाग बसविलेला असतो.

जुनी उपकरणे मिनिटामिनिटाला हालचालींची बेरीज करून ठेवीत. ‘या मिनिटात पुष्कळ हालचाल झाली’ एवढेच त्यांतून समजे. ती कूस बदलण्याची होती, पांघरूण ओढण्याची होती, की खाजविण्याची, हे समजत नसे. आजचे संवेदक सेकंदाला अनेक वेळा मोजणी करतात आणि मूळ संकेत जसाच्या तसा साठवितात. खाजविण्याला स्वतःची लय असते. हात सेकंदाला काही वेळा पुढेमागे होतो आणि ही आवर्तने थोडा वेळ सलग चालतात. कूस बदलताना मात्र एकच मोठी, संथ हालचाल होते. ही लय ओळखण्यास संगणकाला शिकवितात. ज्यांचे रात्रीचे चित्रण उपलब्ध आहे अशा व्यक्तींचे संकेत त्याला दिले जातात. चित्रण पाहून माणसांनी ‘येथे खाजविले, येथे नाही’ अशा खुणा केलेल्या असतात. पुरेशी उदाहरणे मिळाल्यावर संगणक नव्या संकेतांतही त्या खुणा शोधू लागतो. फायझर या औषध कंपनीच्या संशोधकांनी २०२१ मध्ये दोन्ही मनगटांवरील संवेदकांसाठी अशी एक पद्धत प्रसिद्ध केली. दोन्ही मनगटे का, याचे उत्तर सोपे आहे. मूल डाव्या हाताने खाजवत असेल आणि घड्याळ उजव्या हातात असेल, तर रात्र शांत गेली असा निर्वाळा मिळेल.

मनगटावरील संवेदकाची एक उणीव मात्र राहतेच. मनगट न हलविता नुसत्या बोटांनी खाजविता येते, आणि मुले तसे करतात. शिकागोजवळील नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात जॉन रॉजर्स यांच्या प्रयोगशाळेने त्वचेबरोबर वाकणारी मऊ इलेक्ट्रॉनिक उपकरणे विकसित केली आहेत. त्यांपैकी एक हाताच्या पाठीवर चिकटविण्यात येते. त्यातील त्वरणमापक सेकंदाला सुमारे १,६०० वेळा मोजणी करतो. एवढ्या वेगामुळे हाताच्या हालचालीबरोबरच नखे त्वचेवर घासताना हाडांतून व स्नायूंतून पसरणारी सूक्ष्म कंपनेही टिपली जातात. म्हणजे हे उपकरण एकाच वेळी खाजविणे ‘पाहते’ आणि ‘ऐकते’. कंपने हाताच्या आतून येत असल्याने खोलीतील बोलण्याचा किंवा पंख्याचा आवाज त्यात मिसळत नाही.

नव्याण्णव टक्क्यांचा अर्थ

या उपकरणाची परीक्षा बालरुग्णांवर घेण्यात आली आणि तिचा वृत्तांत २०२१ मध्ये ‘सायन्स ॲडव्हान्सेस’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. अकरा मुलांच्या घरी, ४६ रात्री, म्हणजे एकूण सुमारे ३७८ तासांचे अवरक्त चित्रण करून संवेदकाची नोंद त्याच्याशी ताडण्यात आली. अचूकता ९९ टक्के आढळली. वृत्तपत्रांतून असे आकडे येतात तेव्हा वाचकाला वाटते की, आता प्रश्न सुटला. हा आकडा थोडा उलगडून पाहणे इष्ट होईल.

मूल आठ तास झोपले म्हणजे २८,८०० सेकंद झाले. त्यात त्याने एकूण तीन मिनिटे, म्हणजे १८० सेकंद, खाजविले असे समजू. आता एखाद्याने हाताला साधा दोरा बांधून ‘हे मूल रात्रभर एकदाही खाजवत नाही’ असे ठोकून दिले, तरी ते विधान ९९ टक्क्यांहून अधिक वेळ बरोबर ठरेल! कारण रात्रीचा बहुतेक काळ न खाजविण्याचाच असतो. म्हणून नुसत्या अचूकतेच्या आकड्यावर जाऊ नये. दोन निराळे प्रश्न विचारावेत. खरोखर खाजविले त्यापैकी किती पकडले? आणि खाजविले नव्हते तो काळ किती वेळा बरोबर ओळखला? शिकागोच्या परीक्षेत पहिल्याचे उत्तर ८४.३ टक्के आणि दुसऱ्याचे ९९.३ टक्के असे होते. संशोधकांनी हे दोन्ही आकडे उघडपणे दिले आहेत.

हेच प्रमाण आपल्या कल्पित मुलाला लावू. १८० सेकंदांपैकी सुमारे १५२ सेकंद पकडले जातील. उरलेल्या २८,६२० सेकंदांत ०.७ टक्के चूक होईल, म्हणजे सुमारे २०० सेकंद खाजविल्याची खोटी नोंद होईल. एकूण नोंद साडेतीनशे सेकंदांच्या पुढे जाईल; प्रत्यक्षाच्या जवळजवळ दुप्पट. याउलट रोग तीव्र असलेले मूल चाळीस मिनिटे, म्हणजे २,४०० सेकंद, खाजवत असेल तर २,०२३ सेकंद पकडले जातील, खोटी नोंद १८५ सेकंदांच्या आसपास राहील आणि एकूण आकडा सत्याच्या बराच जवळ येईल. तात्पर्य, उपकरण जेथे रोग जास्त तेथे अधिक विश्वासार्ह आहे. सौम्य रोगात एका रात्रीच्या आकड्यावरून निर्णय घेणे धोक्याचे होईल; अनेक रात्रींची सरासरी आणि तिचा कल पाहावा लागेल. हा हिशेब कागद-पेन्सिलीने कोणालाही करता येतो, पण उपकरणांच्या जाहिरातींत तो कधी दिलेला नसतो.

झोपेचा हिशेब

तोच संवेदक झोपही मोजतो. त्यामागील गृहीत साधे आहे. दीर्घकाळ निश्चल म्हणजे झोप, हालचाल म्हणजे जाग. त्यावरून झोप लागावयास किती वेळ लागला, मध्ये किती वेळ जाग होती आणि अंथरुणात काढलेल्या काळापैकी किती टक्के काळ प्रत्यक्ष झोपेत गेला, हे काढतात. नऊ तास अंथरुणात काढून सात तास बारा मिनिटे झोप झाली तर झोपेची कार्यक्षमता ८० टक्के झाली.

परंतु डोळे उघडे ठेवून निमूट पडून राहिलेल्या मुलाला संवेदक झोपलेले समजतो, आणि गाढ झोपेत हातपाय झाडणाऱ्याला जागे. इसबाच्या बाबतीत तर गुंता अधिकच आहे. मूल झोपेतही खाजवते, हे एडिंबरोच्या प्रयोगांपासून माहीत आहे. मग खाजविण्याची हालचाल जागेत धरावयाची की झोपेत? जुन्या मनगटी मापकांच्या गणितात ती सरसकट जागेत धरली जाई, त्यामुळे इसबग्रस्त मुलांची झोप प्रत्यक्षापेक्षा कमी दिसण्याचा संभव होता. खाजविणे वेगळे ओळखता येऊ लागल्यामुळे हा दोष दूर करण्याचा मार्ग मोकळा झाला आहे. मेंदूच्या विद्युत्‌लहरी, डोळ्यांची हालचाल, श्वास हे सारे एकत्र नोंदणारी निद्रा-प्रयोगशाळेतील तपासणी अद्यापही प्रमाण मानली जाते. पण डोक्याला तारा लावून परक्या खोलीत घालविलेली रात्र ही मुलाची नेहमीची रात्र नव्हे.

औषधांची परीक्षा

संवेदकांचा सर्वांत भक्कम उपयोग आज औषधांच्या चाचण्यांत होत आहे. तैवानमध्ये ४८ मुलांवर झालेली एक चाचणी २०१६ मध्ये प्रसिद्ध झाली. झोपताना तीन मिलिग्रॅम मेलाटोनिन दिल्याने निष्क्रिय गोळीच्या तुलनेत झोप लागण्याचा काळ सरासरी २१.४ मिनिटांनी कमी झाला, आणि हा फरक पालकांच्या आठवणीवर नव्हे तर मनगटी मापकावर टिपला गेला होता. (यावरून पालकांनी स्वतःच्या मनाने ही गोळी मुलांना देऊ नये.)

दाहातील नेमके रासायनिक दुवे रोखणारी नवी औषधेही आली आहेत. त्यांपैकी ड्युपिल्युमॅब या औषधाला अमेरिकेत प्रौढांसाठी २०१७ मध्ये, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी २०२० मध्ये, आणि सहा महिन्यांच्या बालकांपर्यंत २०२२ मध्ये मान्यता मिळाली. औषध सहा महिन्यांच्या बालकाला द्यावयाचे असेल तर ते त्याची खाज कमी करते की नाही, हे त्याला विचारून कळणार नाही. अशा वेळी रात्रीच्या खाजविण्याची मिनिटे हे एक वस्तुनिष्ठ परिमाण ठरते. मात्र प्रत्येक कंपनीने आपापल्या व्याख्येने मोजले तर दोन औषधांची तुलना अशक्य होईल. म्हणून अमेरिकेतील डिजिटल मेडिसिन सोसायटी या संस्थेच्या पुढाकाराने रात्रीच्या खाजविण्याची एक सामाईक व्याख्या ठरविण्यात आली आहे. झोपेसाठी पडल्यापासूनच्या काळात त्वचेला स्पर्श करून केलेली लयबद्ध, पुनःपुन्हा होणारी हालचाल, असा तिचा गाभा आहे. घड्याळातील वेळ तिच्यात धरलेली नाही. दुपारी झोपणारे तान्हे मूलही तिच्या कक्षेत येते.

एक प्रश्न मात्र अनुत्तरित राहतो. एडिंबरोच्याच मरे आणि रीस यांनी २०११ मध्ये रुग्णांनी पट्टीवर नोंदविलेली खाज आणि मनगटी मापकाने नोंदविलेले खाजविणे यांची तुलना केली. दोहोंत संबंध आढळला नाही. मग खरे कोणाचे मानावयाचे? रुग्ण चुकीचे सांगतो असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, परंतु तो न्याय्य नाही. खाज आणि खाजविणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. एखादे मूल खाजेने कासावीस होऊनही ओरडा बसेल म्हणून मुठी आवळून पडून राहते. दुसरे केवळ सवयीने खाजवत असते. संवेदक पहिल्याची रात्र चांगली गेली असे सांगेल. म्हणून त्याचा आकडा मुलाच्या व आईच्या सांगण्याशेजारी ठेवावयाचा असतो. आकडा कमी आला एवढ्यावरून तक्रार खोडून काढणारा डॉक्टर त्या उपकरणाचा गैरवापरच करील.

घरी वापरताना

बाजारात मिळणारी सर्वसाधारण स्मार्ट घड्याळे झोपेचे आलेख दाखवितात. ते प्रौढांना नजरेसमोर ठेवून केलेले असतात. इसबग्रस्त बालकांवर त्यांची परीक्षा झालेली असतेच असे नाही. पट्ट्याखाली साचणारा घाम, घट्ट रबर आणि धातूच्या बक्कलातील निकेल यांमुळे मनगटावरील इसब चाळवण्याचा संभव असतो, आणि मनगट हे तर या रोगाचे आवडते ठिकाण. चिकटवावयाच्या संवेदकांबाबतही हीच काळजी घ्यावी लागते. मुलाच्या रात्रीची माहिती कोठे साठविली जाते व कोणाच्या हाती पडते, हेही विचारून घेणे योग्य होय. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांची पडताळून पाहता येईल अशी संमती आवश्यक ठरविण्यात आली आहे.

संवेदक हाताशी नसल्याने उपचार अडून राहण्याचे कारण नाही. साधी वही पुरेशी आहे. दररोज सकाळी तीन गोष्टी लिहाव्यात : रात्री खाजेमुळे मूल उठले का, सकाळी चादरीवर किंवा कपड्यांवर रक्ताचे डाग होते का, आणि आदल्या दिवशी कोणते मलम किती वेळा लावले. सात दिवसांची अशी नोंद डॉक्टरांपुढे ठेवली तर ‘बरे आहे’ किंवा ‘त्रास आहे’ या मोघम उत्तरापेक्षा तिचा उपयोग पुष्कळ अधिक होतो.

उपचाराचा पाया जुनाच आहे. कोमट पाण्याने थोडक्यात स्नान, तीव्र साबणाचा त्याग, अंग टिपून ओलसर असतानाच भरपूर स्निग्ध मलम, आणि दाह असेल तेथे डॉक्टरांनी सांगितलेले स्टेरॉइडयुक्त मलम सांगितलेल्या मुदतीपर्यंत. या मलमाच्या भीतीने ते अर्ध्यावर सोडणे आणि दुकानदाराच्या सल्ल्याने ते महिनोन्‌महिने लावीत राहणे, या दोन्ही चुका आपल्याकडे सारख्याच आढळतात. नखे कापलेली असावीत, रात्रीचे कपडे सुती व सैल असावेत. गुंगी आणणारी ॲलर्जीची औषधे मुलाला झोपवितात, परंतु इसबाची खाज मुख्यतः हिस्टामिनमुळे होत नसल्याने ती त्यांनी फारशी शमत नाही. मूल पेंगुळते आणि खाजवत राहते. इसबाच्या जागी पू झाला, ताप आला किंवा पाण्याने भरलेल्या एकसारख्या बारीक फोडांचे झुबके दुखू लागले, तर त्याच दिवशी मुलाला रुग्णालयात न्यावे. हे फोड नागिणीच्या जातीच्या विषाणूचे असू शकतात आणि त्यांवर तातडीचा उपचार करावा लागतो.